मागच्या दारचा समुद्र

पहाटे साडेपाचला जाग आली ती कडीच्या आवाजाने. आई अंधारात मागचं दार उघडत होती. "अगं, एकटी कुठे निघालीस?" म्हटलं, तर तिथूनच म्हणाली, "कुठे नाही. ओहोटी लागलीय का बघते."

आंजर्ल्यात आम्ही उतरलो होतो ते घर रस्त्याच्या पश्चिम अंगाला होतं. इथली किनाऱ्यावरची गावं साधारण एकाच घडणीची. समुद्राला समांतर एक अरुंद वाट, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्यांमागे घरं. समुद्राच्या अंगाच्या घरांमागे नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला सुरूची नाहीतर केवड्याची जाळी आणि तिच्यापलीकडे पुळण. त्यामुळे इथे कुणालाही समुद्र विचारला की एकच उत्तर मिळतं, "मागच्या दारी." वाऱ्याकडे पाठ करून घर बांधायचं, हा शहाणपणा पिढ्यापिढ्यांचा. नवखा माणूस गाडीतून या वाटेने गेला तर त्याला समुद्र दिसतच नाही, फक्त गाज ऐकू येते.

आईचं आजोळ याच वाटेवर होतं. आता तिथे जोतं उरलंय, त्यावर कुणीतरी लाकडं रचून ठेवलीत. आदल्या संध्याकाळी ती त्या जोत्यावर पाच मिनिटं बसली, एका दगडावरून हात फिरवला आणि उठली. मुलांना वाटलं होतं, आजी रडेल. ती रडली नाही. ओटी कुठे होती, झोपाळा कुठे, रहाट कुठे, एवढंच तिने बोट दाखवून सांगितलं.

नाताळच्या सुट्टीतल्या आमच्या चार दिवसांपैकी हा एक दिवस मी आधीपासून राखून ठेवला होता. आंजर्ल्याहून निघायचं, हर्णै, मुरुड, दाभोळ करत खाडी ओलांडायची आणि मुक्कामाला गुहागर. अंतर शंभर किलोमीटरच्या आतच. घाई केली तर अर्ध्या दिवसात उरकेल. आम्हाला उरकायचं नव्हतं. आई पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे, आणि या किनाऱ्याकडे तिच्या डोळ्यांनी एकदा बघावं असं मला फार वाटत होतं. ती इथे नेहमी आली ती बोटीने.

निघण्यापूर्वी घरच्या काकूंनी आगर दाखवलं. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ या पट्ट्यावरून गेलं. केळशी, आंजर्लं, हर्णै, मुरुड, सगळीकडे वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. काकूंच्या आगरातही मोजकेच जुने माड उभे राहिले. "आवाज असा होता की पोफळी मोडताना ऐकूच आली नाही," त्या म्हणाल्या. "वारा थांबल्यावर दार उघडलं तर इथून थेट समुद्र दिसत होता. लग्न होऊन आले त्याला चाळीस वर्षं झाली, घरातून समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला." पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. तोवर घर कशावर चालवायचं, हा प्रश्न इथल्या घराघरात होता आणि अजून पुरता सुटलेला नाही. वरची सावली गेल्यावर खालची जायफळं आणि मिरवेलीही उन्हाने होरपळल्या. आता नव्या पोफळी डोक्याच्या वर गेल्यात. काकू एकेकीला हात लावत पुढे जात होत्या, जशी शाळेतली बाई मुलं मोजते. किनाऱ्यावर उतरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हॉटेलातली खोली आणि खिडकीतला समुद्र एवढंच मागू नये असं मला त्या आगरात वाटलं. इथल्या घरी राहावं, आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी, सुपारी त्यांच्याकडूनच घ्यावी. काकूंच्या खोलीचं भाडं त्यांच्या नव्या रोपांना पाणी घालतं.

कड्यावरच्या गणपतीला आम्ही सकाळच्या उन्हात पोचलो. उजव्या सोंडेची मूर्ती, पांढरंशुभ्र देऊळ. देऊळ पूर्वी खाली समुद्राकाठी होतं, पाणी वाढलं तेव्हा देव एक पाऊल टाकून डोंगरावर आला, अशी इथली श्रद्धा. ते पाऊल वाटेवर दाखवतात. धाकट्याने त्या खळग्याशेजारी आपला पाय ठेवून पाहिला. वरून सुवर्णदुर्ग, हर्णैच्या होड्या, जोग नदीची खाडी आणि तिच्यावरचा पूल एका नजरेत येतात.

त्या पुलावर आईने गाडी थांबवायला सांगितली. तिच्या लहानपणी पूल नव्हता. तर होती. हर्णैला उतरायचं, पाजपंढरीशी यायचं, तरीतून खाडी ओलांडायची आणि मग आंजर्ल्याची पुळण तुडवत घर. गाडीरस्त्याने यायचं तर केवढा वळसा! मे महिन्याच्या सुट्टीत गिरगावातून सगळं बिऱ्हाड निघायचं. वळकट्या, पत्र्याची ट्रंक, पाण्याचा फिरकीचा तांब्या. भाऊच्या धक्क्यावर बोट धरायची आणि मग दिवसभर पाणी. हर्णैला धक्का नव्हता, त्यामुळे बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव जायचे. बोटीच्या अंगातल्या दारातून खलाशी पोरांना उचलून खालच्या पडावात सोडायचे, आणि पडाव उथळ पाण्यात टेकला की कुणाच्या तरी खांद्यावर बसून कोरड्या वाळूवर. बोटीचा भोंगा ऐकू आला की गावात एकच हाक जायची, "बोट लागली!" मग ज्यांच्याकडे पाहुणे यायचे ते आणि ज्यांच्याकडे कुणीच यायचं नव्हतं तेही बंदरावर जायचे.

"भीती नाही वाटायची?" थोरलीने विचारलं.

"मला नाही. माझ्या आजीला वाटायची. ती पदराखाली माळ ओढत बसायची." १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या घरांमधून ते नाव पुढे कित्येक वर्षं दबक्या आवाजात घेतलं जाई. तरीही माणसं बोटीतच बसली, कारण दुसरा रस्ता नव्हता. साखर, कापड, पत्रं, मनीऑर्डरी, नवी सून, मुंबईचा आजारी भाऊ, सगळं समुद्रावरून यायचं. मागच्या दारी म्हणून ज्याची ओळख सांगतात, तोच या गावांचा दिंडीदरवाजा होता. गाडी घेऊन येणारे आपण, आपण डोंगर उतरून भलत्याच बाजूने येतो आणि गाव आडगावात आहे म्हणतो.

हर्णैला लिलाव रंगात आला होता. सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा इथे पुळणीवरच मासळीचा बाजार भरतो. होड्या आत उभ्या असतात. त्यांच्यापर्यंत बैलगाड्या जातात, आख बुडेपर्यंत पाण्यात. बैल लाटेला बिचकत नाहीत, लाट आली की मान जराशी वर करतात, बस. गाडीतून टोपल्या उतरतात, वाळूवर ढीग पडतात. बांगडे, कोळंबी, सुरमई, पापलेट, मांदेली. ढिगाभोवती रिंगण होतं, पुकारा सुरू होतो, आणि आपल्याला आकडा कळायच्या आत सौदा तुटलेला असतो. कुणी मान हलवली, कुणी बोट उचललं, ते पुकारणाऱ्यालाच दिसतं. घेणाऱ्यांत बायका जास्त. ढीग हाती आला की ती बाई कमरेचा पदर पुन्हा खोचते, बर्फ मागवते आणि टेम्पोकडे निघते. तिचा माल दापोली-खेडच्या बाजारात वेळेवर पोचला तरच तिचे पैसे सुटणार. इतक्या गलक्यात तिच्या चेहऱ्यावरचा तो हिशेब मला स्पष्ट दिसत होता.

आईच्या माहेरी मासे शिजत नसत. पण गाडीचं दार उघडून तो वास आत आला तशी ती म्हणाली, "हा माझ्या सुट्टीचा वास." वाळूत तिला चालवेना, म्हणून एका उपड्या क्रेटवर बसवलं. शेजारी एक म्हातारी कोळीण जाळ्याच्या सावलीत पान जमवत होती. "कुठल्या हो तुम्ही?" तिने विचारलं.

"आंजर्ल्याची. आता मुंबई."

"मंग आमच्याच की. बोटीनं यायचा काय?"

"दर मे महिन्याला."

"माजा सासरा पडावावर होता."

एवढ्यावर दोघी थांबल्या. मग आईने तिचा हात हातात घेतला. त्या सासऱ्यानेच कधीतरी आईला उचलून खांद्यावर घेतलं असेल का? असेलही. मी विचारलं नाही. त्या दोघींनाही ठरवून टाकायची गरज दिसली नाही.

समोर सुवर्णदुर्ग होता. होडीने आम्ही गेलो नाही, आईला चढउतर झेपली नसती. पण मुलांना त्याचं दार सांगितलं. दुर्ग पाण्यात आहे तरी त्याचा महादरवाजा किनाऱ्याकडे, पूर्वेला तोंड करून, बुरुजांच्या आड लपवलेला. पायरीवर कासव कोरलंय, बाजूच्या तटात मारुती. गावाचं दार समुद्राकडे आणि समुद्रातल्या किल्ल्याचं दार गावाकडे, दोघं एकमेकांकडे बघत उभे. हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचा आधार होता. १७५५च्या एप्रिलात कमोडोर जेम्सच्या इंग्रजी जहाजांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्या मोहिमेत पेशव्यांचं बळ इंग्रजांच्या बाजूला होतं. आपापसातल्या भांडणात आपलं आरमार आपणच मोडू दिलं, हे इथे उभं राहून सांगताना घशाशी काहीतरी अडतं. थोरलीने विचारलं, "का दिलं?" मला जमेल तसं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, आणि झालं नाही याचंच मला बरं वाटलं.

हर्णै ते मुरुड रस्ता लहान पण वळणाचा. धाकट्याला गाडी लागते. आईने पिशवीतून आल्याची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "आजी, तुला पण गाडी लागायची?" "गाडी कुठली रे? मला बोट लागायची. हर्णै येईपर्यंत पोटात काही ठरायचं नाही." त्याला ते फार आवडलं. पुढचे चार मैल तो "बोट लागली, बोट लागली" असं ओरडत होता, आणि वांती झाली नाही.

मुरुड. जंजिऱ्याजवळचं नव्हे, दापोलीचं. दुर्गादेवीच्या देवळातले लाकडी कोरीव खांब पाहून आम्ही गावातल्या वाटेने पायी निघालो. गाडी मुद्दाम लांब लावली, कारण या वाटेवर समोरून एसटी आली तर दोघांपैकी एकाला पार मंदिरापर्यंत मागे जावं लागतं. मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. १८ एप्रिल १८५८ला आजोळी, शेरवलीला जन्मले, वाढले इथे. भर पावसाच्या दिवसांत, समुद्र बंद असताना, सहावीच्या परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर ते इथून घाट चढून साताऱ्याला पायी गेले. शंभरावर मैल. परीक्षेला सतरा वर्षांची अट होती. अंगाने किरकोळ असलेला हा मुलगा सतराचा वाटत नाही म्हणून त्याला बसू दिलं नाही. तसाच परत. शाळेत ही गोष्ट चिकाटीचं उदाहरण म्हणून ऐकली होती. मुरुडच्या वाटेवर उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर आला तो परतीचा रस्ता, भिजलेला, रिकाम्या हातांचा.

११ मार्च १८९३ला कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, बाया कर्व्यांशी, पुनर्विवाह केला. विधवेशी लग्न केलं म्हणून याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या आईकडे सुखाने राहायची सोय उरली नाही. हे सगळं त्यांनी 'आत्मवृत्ता'त लिहून ठेवलंय, आणि गावाबद्दल कडवट न होता लिहिलंय. १९१६ला त्यांनी स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. माझी आई त्या विद्यापीठाची पदवीधर. साठच्या दशकात चर्चगेटच्या एसएनडीटीत ती मराठीतून बी. ए. झाली. "इंग्रजीची धास्ती होती मला. मराठीतून शिकता येतं म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पाठवलं, नाहीतर अकरावीनंतर लग्नच होतं," ती चालता चालता म्हणाली. मग एका गडग्याला टेकली. जांभ्याचा खडबडीत, शेवाळ सुकलेला गडगा. "या गावातून निघाला तो माणूस, आणि मी त्या खाडीपलीकडच्या गावची. कुठे जाऊन भेट झाली बघ." या वाटेने आम्ही तिघी चाललो होतो, आई, मी, माझी मुलगी. तिघींच्याही शिक्षणाचं मूळ या वाटेत कुठेतरी आहे, हे माझ्या मुलीला शब्दांत सांगावं लागलं नाही. ती आजीशेजारी गडग्याला टेकून उभी राहिली.

मुरुडच्या किनाऱ्यावर मात्र मन खट्टू झालं. पुळण सुरेख, लांबच लांब, आणि तिच्यावर चार-पाच मोठ्या गाड्या गोल गोल फिरत होत्या. चाकांच्या खोल चाकोऱ्या पाण्यापर्यंत. या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. थोडं उत्तरेला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी राखायला सुरुवात केली. पुढे आंजर्ल्यासारख्या इतर गावांनीही ते काम उचललं. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, हाताच्या तळव्याएवढीही नसतात, आणि पाण्याकडे निघतात. त्यांना चाकोरी म्हणजे खंदक. त्यात पडलं की चढता येत नाही, वर ऊन आणि कावळे. गाडी रस्त्यापाशी सोडून दोनशे पावलं चालत जाण्याने कुणाची सुट्टी कमी होत नाही. माझ्या नवऱ्याने जाऊन त्यातल्या एका मुलाला हे शांतपणे सांगितलं. त्याने गाडी काढली. बाकीच्यांनी काढली नाही.

जेवण कर्द्याला एका घरी झालं. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. पुढे लाडघर, बुरोंडी, कोळथरे ही नावं दोन्ही अंगांनी येत-जात राहिली. रस्ता चढतो, सड्यावर येतो, कातळावर वाळलेलं सोनेरी गवत आणि खाली एकदम निळं पाणी. पुन्हा उतार, पुन्हा आंबे-काजूंची सावली. आई झोपली होती. तिची मान कलू नये म्हणून थोरलीने खांदा दिला होता.

दाभोळला पोचलो तेव्हा सूर्य उतरू लागला होता. आज दाभोळ म्हणजे खाडीकाठचा एक लहानसा बाजार. पण बहामनींच्या काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं, अरबस्तान आणि इराणचे घोडे इथे उतरायचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी बिदरपर्यंत भटकून परतीच्या जहाजात चढला तो इथूनच. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी गाव लुटून जाळलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं. विजापुरी घडणीची घुमटाची मशीद पाण्याजवळ अजून आहे, गावात तिला अंडा मशीद म्हणतात. तिच्या पायऱ्यांवर बसलं की गाव कुणाची वाट बघत होतं ते कळतं. नव्वदच्या दशकात देशभर गाजलेल्या वीज प्रकल्पाने दाभोळचं नाव घेतलं. प्रकल्प मात्र खाडीपलीकडे गुहागरच्या हद्दीत.

वाशिष्ठीची खाडी इथे समुद्राला मिळते. २००३पासून दाभोळ ते धोपावे फेरीबोट आहे, त्यामुळे चिपळूणकडचा लांबचा फेरा वाचतो. रांगेत आमच्यापुढे भाजीचा टेम्पो, दोन दुचाक्या आणि एक नवरा-नवरी असलेली सजवलेली गाडी होती. बोटीचं तोंड उघडलं, फळी धक्क्यावर टेकली, माणसं हात हलवत "या, या, अजून या" करत होती. गाडी आत लागल्यावर आई म्हणाली, "मला खाली उतरायचंय."

नवऱ्याने तिला धरून कठड्यापाशी नेलं. बोटीने भोंगा दिला आणि पाणी मागे सरकायला लागलं. पश्चिमेला खाडीचं तोंड, डावीकडे अंजनवेलचा गोपाळगड, पाण्यावर तांबूस उजेड. आई दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती, पदर वाऱ्यावर. पन्नासहून जास्त वर्षांनी ती या किनाऱ्याच्या पाण्यावर आली होती. तिने मागे वळून दाभोळकडे पाहिलं. घरं, मशीद, माड, होड्या, सगळे आता आमच्याकडे तोंड करून उभे होते. "असं दिसायचं," ती म्हणाली. "हर्णै असंच दिसायचं. हळूहळू मोठं होत जायचं. मग पडाव निघालेले दिसायचे." एवढं बोलून ती गप्प झाली. आम्हीही.

जेमतेम दहा मिनिटांचं पाणी ते. धोपाव्याचा उतार जवळ आला, इंजिनाचा आवाज बदलला, खालून वाळू घासल्यासारखं झालं. धाकट्याने तिचा पदर ओढला.

"आजी, तुला बोट लागली का गं?"

फळी धाडकन खाली पडली, पुढचा टेम्पो सुरू झाला. आईने त्याचा हात धरला.

"लागली रे बाळा," ती म्हणाली. "चल, उतरूया."